पाटीवरचं साल खरं की पायरीवरचं? वाचनालयाच्या इमारतीचा इतिहास शोधताना

कपाटाची_किल्ली

मंडळी, मदत हवी आहे.

आमचं तालुक्याचं गाव. तिथल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी यंदाच आले. सगळ्यांत तरुण म्हणून स्मरणिकेतला 'वास्तूचा इतिहास' हा लेख माझ्या गळ्यात पडला. आधीच्या दोन स्मरणिका काढून बसले, तर दोन्हींत तोच परिच्छेद: विद्याप्रेमी मंडळी एकत्र आली, ज्ञानाची गंगा दारी आणली वगैरे. ही मंडळी बसत कुठे होती, भिंती कोणी बांधल्या, जागा कोणी दिली याबद्दल अवाक्षर नाही.

गोंधळ असा आहे की दारावरच्या पाटीवर स्थापनेचं एक साल आहे आणि पायरीशेजारी जोत्यात बसवलेल्या दगडावर दुसरंच. दोन्हींत तीसएक वर्षांचा फरक. तोही अंदाजानेच, कारण दर दिवाळीला भिंतीबरोबर दगडालाही ऑइलपेंट फासायची आपली थोर परंपरा. आता वाचता येतं ते एवढंच: 'ज्युबिली', मग 'शके १८', मग मध्ये एक फुगलेला गोळा आणि शेवटी ९.

हे सगळं आत्ताच का, तर इमारत पाडून खाली गाळे आणि वर वाचनालय असा प्रस्ताव आलाय. एक गट म्हणतो इमारत जीर्ण झालीय, दुसरा म्हणतो हा गावाचा वारसा आहे. इमारत किती जुनी हे मात्र दोघांनाही माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

---

शके_संवत

दगडाचं कोडं आधी सोडवू, ते सोपं आहे.

ज्युबिली म्हणजे बहुधा राणी व्हिक्टोरियाची. तिच्या दोन झाल्या, १८८७ ची सुवर्ण आणि १८९७ ची हीरक. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९). म्हणजे शके १८०९ किंवा शके १८१९. ताई, तुमचा अख्खा प्रश्न त्या एका गोळ्यात अडकलाय. शून्य की एक?

आणि मराठी शून्य आणि एक दोघांनाही डोकं गोलच. एकाला खाली शेपटी असते, तेवढी शोधा. दिवसा फोटो काढू नका. रात्री दिवे घालवून टॉर्च दगडाला अगदी चिकटवून, बाजूने तिरका उजेड टाका. खोदलेल्या रेघांत सावली पडते आणि रंगाच्या थराखालूनही अक्षर उठून दिसतं.

एक पुरवणी. हिंदुस्थानात सुवर्णमहोत्सव फेब्रुवारी १८८७ मध्येच साजरा झाला, म्हणजे पाडव्याच्या आधी, शके १८०८ मध्ये. तुमचा शेवटचा आकडा नक्की ९ असेल तर माझा कौल हीरक महोत्सवाला.

---

मधल्या_वेळचा_वाचक

वाखु (वाचनखूण) साठवली.

---

जोतं_ते_आढं

दगड हा साक्षीदार असतो, पण तो फितूरही असतो. जुन्या इमारतीचा दगड काढून नव्या जोत्यात बसवणं ही आपल्याकडे सर्रास चालणारी गोष्ट. म्हणून दगडाचं साल इमारतीला लावण्याआधी इमारतीलाच विचारा. मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्त्या करतो, त्या अनुभवावरून काय काय बघायचं ते सांगतो.

छपरापासून. कौलं मंगलोरी असतील तर चारदोन उलटी करून बघा, मागे कारखान्याचा शिक्का असतो. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला १८६५ साली, आणि ही सपाट खाचेची कौलं आपल्याकडे पसरली ती त्यानंतर. अर्थात कौलं बदलली जातात, त्यामुळे कौल नवं म्हणून इमारत नवी असं होत नाही. वासे-रिपांवरच्या खुणा बघा. आधी नळीची कौलं असतील तर रिपांचं अंतर वेगळं असतं आणि जुन्या खिळ्यांची भोकं तशीच राहतात.

मग लोखंड. कुठे गर्डर आहेत का? असतील तर त्यांच्या पोटावर, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीवर, कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. 'डॉर्मन लाँग' असं विलायती नाव दिसलं तर बोटीने आलेला माल. 'टाटा' दिसलं तर गोष्ट १९१२ च्या अलीकडची, कारण साकचीच्या (आताच्या जमशेदपूरच्या) कारखान्यात पोलाद निघायला लागलं ते त्या साली.

मग भिंत. कुठेतरी गिलावा निघालेला असेलच. आतला माल पांढरट, नखाने खरवडला तर भुगा होणारा, मध्ये विटेचे लाल कण, तर तो चुना-सुरखी. करडा आणि टणक असेल तर सिमेंट. आपल्या देशात सिमेंटचं व्यापारी उत्पादन पोरबंदरला १९१४ च्या सुमारास सुरू झालं, छोट्या गावात ते पोचायला आणखी वर्षं गेली.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, खण, म्हणजे दोन खांबांमधलं किंवा तुळयांमधलं अंतर, मोजा. सगळे खण एका मापाचे आहेत का? नसतील तर तुमची इमारत एक नाही, दोन आहेत.

रंग काढायला सँडब्लास्टिंग नको, ॲसिड नको, छिन्नी तर नकोच. रंग काढायचा जेल लावा, फुगू द्या, लाकडी पट्टीने सोडवा, पाण्याने धुवा. काळा पाषाण टणक असतो, पण अक्षराच्या कडा तशा नसतात.

---

कोकणी_कौलारू

स्थापनेचं साल नि इमारतीचं साल वेगळं असणं ह्यात नवल काही नाही हो. उलट दोन्ही एकच निघाली तर मी संशय घेईन!

आमच्या रत्नागिरीची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८२८ ची, आताचं जिल्हा नगर वाचनालय. महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं सार्वजनिक वाचनालय म्हणून तिचं नाव घेतात. मग नगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४०, पुण्याचं लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८, कोल्हापूरचं १८५०, सावंतवाडीचं १८५२, कल्याणचं आणि चिपळूणचं १८६४. ह्या सालांना सुरू झाली ती संस्था. संस्था म्हणजे काय, तर वर्गणी देणारी पाचपंचवीस माणसं, दोन कपाटं नि मुंबईहून टपालाने येणारी वर्तमानपत्रं. ते ठेवायला शाळेची खोली, कुणाची ओसरी, देवळाचा सोपा काहीही चालायचं. स्वतःची इमारत ही पुढच्या पिढीची हौस.

आणि नाव बदलत गेलं ते वेगळंच. 'नेटिव्ह' हा शब्द टोचायला लागला, मग 'नगर वाचनालय', 'वाचन मंदिर' झालं. लोकमान्य १९२० साली गेले, नंतर किती वाचनालयांनी त्यांचं नाव घेतलं बघा. जुन्या कागदांत शोधताना आताच्या नावाने शोधलंत तर काही सापडायचं नाही.

जाता जाता एक कळकळीचं सांगणं. जे काही जुनं दप्तर हाती लागेल त्याचे फोटो त्याच दिवशी काढा आणि गावाबाहेर कुणाकडे तरी पाठवून ठेवा. चिपळुणात २००५ च्या जुलैत पूर आला, २०२१ च्या जुलैत परत आला. पुस्तकं एकवेळ परत मिळतात. इतिवृत्ताच्या वहीची दुसरी प्रत नसते.

---

हिशेबनीस

धागा इतिहासाचा आहे, पण मी रुक्ष माणूस, कागदांबद्दल बोलतो. इमारतीचा खरा इतिहास भाषणांत नसतो, तो कर आणि मालकी यांच्या नोंदींत असतो.

१. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. हल्ली ऑनलाइन मिळते, पण तिच्यावर समाधान मानू नका. मोजणी झाली तेव्हाची चौकशी नोंदवही बघायला मागा. तेव्हा जागेवर कोण होतं, कोणत्या हक्काने होतं हे तिथे लिहिलेलं असतं.

२. तुमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या कायद्याखाली नोंदलेली असणारच. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा घ्या, आपण ज्याला पीटीआर म्हणतो तो. त्यात स्थावर मिळकतीच्या रकान्यात इमारत आहे का ते बघा. 'आपलीच तर आहे' असं समजून चाललेल्या कित्येक संस्थांना तिथे धक्का बसतो.

३. वाचनालयाचे जुने ताळेबंद. 'इमारत फंड' हे खातं कोणत्या वर्षी उघडलं आणि कोणत्या वर्षी दिसेनासं झालं ते बघा. त्या दोन वर्षांच्या मध्ये तुमची इमारत आहे.

गाळ्यांबद्दल. न्यासाची स्थावर मिळकत विकायची, गहाण टाकायची किंवा बिगरशेती मिळकत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. सर्वसाधारण सभेत हात वर करून हे होत नाही. अध्यक्षांना हळूच सांगा.

---

शेणाने_सारवलेलं

गॅझेटियर विसरू नका. कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये जिल्हावार शिक्षणाच्या प्रकरणात वाचनालयांची नोंद असते. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, नाशिकचा १८८३, पुणे आणि सातारा १८८५. ज्युबिलीच्या आधीचे आहेत ना हे सगळे? मग ज्युबिलीपूर्वी तुमच्या गावात काय होतं ते त्यात मिळायला हवं.

---

कपाटाची_किल्ली

सगळ्यांना दंडवत. दोन रविवार यात गेले. सांगते.

खण मोजले. रस्त्याकडचे पाच खण एका मापाचे, मागचे तीन चांगले हातभर रुंद. पुढच्या भिंती चुन्याच्या. मागे सिमेंट. पुढच्या भागात लोखंड नावाला नाही, सागवानी तुळया आहेत. मागच्या भागात दोन गर्डर. शिडी लावून, जळमटं काढून, ओल्या फडक्याने पुसलं आणि 'टाटा' दिसलं! माझ्या आरोळीने वाचन विभागातले आजोबा दचकले. म्हणजे जोतं_ते_आढं म्हणाले तेच. एक इमारत नाही, दोन आहेत. गंमत म्हणजे जीर्ण म्हणून जी पाडायची चाललीय ती पडझड सगळी मागच्या, नव्या भागाची. पुढचा भाग ठणठणीत, फक्त खालून हातभर लोणा लागलाय.

गॅझेटियर पाहिलं. आमच्या गावात वाचनालय असल्याची एका ओळीची नोंद आहे. इमारतीचा उल्लेख नाही.

गोळ्याचं अजून काही ठरलं नाही. जेल मागवलाय.

---

जोतं_ते_आढं

खालून लोणा म्हणजे पुढच्या भागाला नंतर कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केलाय. चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगातून बाहेर सोडते. तिला सिमेंटचा कोट घातला की ओल कोंडते, वर चढते, क्षार घेऊन आतल्या बाजूने फुटते. मग लोक म्हणतात भिंत कुजली. भिंत कुजलेली नसते, गुदमरलेली असते. खालचा तीन फूट गिलावा काढा, दर्जा, म्हणजे मधले सांधे, चुन्याने भरा, दोन उन्हाळे जाऊ द्या.

---

सेक्रेटरी_पदसिद्ध

मी दुसऱ्या एका वाचनालयाचा चिटणीस आहे आणि इथे न आवडणारी बाजू मांडणार आहे.

दगड, चुना, कौलं हे सगळं छान. पण दरवर्षी मे महिन्यात शाकारणीला (कौलं काढून नीट लावायला) माणसं शोधा, मिळाली तर त्यांची मजुरी द्या, पावसात कपाटांवर प्लॅस्टिक टाका, वाळवीचा फवारा मारा हे कोण करतं? महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालय कर नाही. मिळतं ते परिरक्षण अनुदान, आणि ते पगार आणि ग्रंथखरेदीतच संपतं. ते हातात पडेपर्यंत ग्रंथपाल उसनवारीवर जगतो. इमारतीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत, अर्ज आम्हीही केलेत. पण छपरातून पाणी गळतं तेव्हा अर्जाचं उत्तर यायची वाट बघता येत नाही. चार गाळ्यांचं भाडं महिन्याच्या महिन्याला येतं. वारसा जपा म्हणणाऱ्यांपैकी किती जण वर्गणीदार आहेत ते एकदा मोजा.

---

शके_संवत

कठोर आहे, पण खोटं नाही. +१.

---

हिशेबनीस

मान्य. फक्त दोन वाक्यं: जागा तुमची आहे ना, हे आधी बघा. मग गाळे.

---

गोदाकाठचा

आमच्या मराठवाड्याकडचं थोडं निराळं आहे, म्हणून लिहितो. इकडं निजामी. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ चं, पण त्या काळात मराठी वाचनालय चालवणं म्हणजे नुसता पुस्तकांचा कारभार नव्हता. सभा घ्यायची तर परवानगी, 'गश्ती निशाण ५३' ह्या सभाबंदीच्या निजामी हुकमाची टांगती तलवार. मग व्याख्यानाला गणेशोत्सवाचं निमित्त लागायचं. त्यामुळं जुन्या इमारतीत मोठा हॉल दिसला तर तो वाचायला होता की जमायला, हे विचारावं लागतं.

आणि इकडच्या कागदांवर फसली, म्हणजे निजामी महसुली, साल असतं. हैदराबादच्या फसलीत साधारण ५९० मिळवा. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. कुणाला तसला कागद सापडला तर गोंधळू नका.

---

दूरचा_सभासद

थोडं अवांतर. अँड्र्यू कार्नेगीने १८८३ ते १९२९ या काळात जगभर अडीच हजारांवर वाचनालयांच्या इमारतींना पैसा दिला. अट अशी की जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी चालवायला काढायची. म्हणजे आधी इमारत, मग पुस्तकं गावाची जबाबदारी. आपल्याकडे नेमकं उलटं झालं: पुस्तकं वर्गणीतून आली आणि इमारतीसाठी कुणाच्या तरी ज्युबिलीची वाट बघावी लागली.

अपवाद बडोद्याचा. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं. गावच्या वाचनालयाला एक वाटा लोकांचा, एक स्थानिक बोर्डाचा, एक सरकारचा असं त्रैराशिक होतं. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोलादी मांडण्या आणि काचेच्या लाद्या आहेत, उजेड मजल्यांतून खाली झिरपतो. तिकडे गेलात तर चुकवू नका. कोल्हापूर संस्थानानेही १९४५ मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला होता.

---

सेक्रेटरी_पदसिद्ध

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

कपाटाची_किल्ली

शेपटी निघाली! एकच आहे. शके १८१९, हीरक महोत्सव. शके_संवत, तुम्हाला माझ्याकडून एक वर्षाची वर्गणी माफ (द्यायचा अधिकार मला नाही, पण भावना समजून घ्या).

तरी एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. १८९७ म्हणजे इलाख्यात प्लेग आणि दुष्काळ दोन्ही. पुण्यात त्याच हीरक महोत्सवाच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. अशा वर्षात पंचवीसतीस वर्गणीदारांच्या वाचनालयाला पाच खणी हॉल बांधायला पैसा आला कुठून?

उत्तर हिशेबनिसांच्या कागदांत निघालं. पीटीआरचा उतारा मिळाला. जंगम मिळकतीत कपाटं, टेबलं, एक घड्याळ, ग्रंथ. स्थावर मिळकत: निरंक. मिळकत पत्रिकेवर धारक नगरपालिका. ताळेबंदांत इमारत फंड सापडला, पण तो फक्त मागच्या तीन खणांचा. म्हणजे पुढचा हॉल नगरपालिकेने ज्युबिलीला बांधला, वाचनालय त्यात नंतर राहायला आलं, आणि पुढे पाठीमागे स्वतःच्या खर्चाने तीन खण वाढवले, तेही दुसऱ्याच्या जागेत. आणि आम्ही इतकी वर्षं 'आमची वास्तू' म्हणून स्मरणिका काढतोय. कार्यकारिणीत हे वाचून दाखवलं तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

आता शेवटचं. ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात, कप्प्याला अस्तर म्हणून घातलेल्या वर्तमानपत्राखाली, एक घडी केलेला कागद मिळाला. मोडी आहे. कुणी वाचू शकेल का? फोटो तिरक्या उजेडात न काढता सरळ काढलाय, कागद आहे म्हणून.

---

गोदाकाठचा

ह्याला म्हणतात धागा! पुढचं लवकर टाका.

---

बोरूबहाद्दर

मोडी शिकवतो, म्हणून प्रयत्न केला. शब्द न तोडता सलग लिहिलंय, ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच नाही, वर घडीच्या जागी दोन ओळी उडाल्यात. त्यामुळे शब्दशः देत नाही, मजकूर सांगतो.

हा वापराचा करारवजा कागद आहे. ज्युबिलीच्या हॉलातले दक्षिणेकडचे दोन खण म्युनिसिपालिटीने लायब्ररीला वापरायला दिले. भाडं सालीना एक रुपया. संध्याकाळी दिवाबत्ती लायब्ररीची. वर्तमानपत्रं वर्गणी न भरणाऱ्यालाही तिथे बसून वाचू द्यायची, अडवायचं नाही. ही अट दोनदा आलीय, त्यामुळे लिहिणाऱ्याला ती महत्त्वाची वाटली असावी. भिंती आणि लाकडाची मोठी दुरुस्ती म्युनिसिपालिटीकडे. दरसालची शाकारणी लायब्ररीने मृगाआधी स्वखर्चाने करायची.

मुदत लिहिलेली नाही. किंवा उडालेल्या दोन ओळींत असेल.

---

हिशेबनीस

ताई, या कागदाची आजच्या आज नक्कल करा आणि मूळ बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. मोठी दुरुस्ती नगरपालिकेची, हे लेखी आहे. गाळ्यांच्या आधी त्यांना एक पत्र जायला हवं.

---

सेक्रेटरी_पदसिद्ध

आधीचा प्रतिसाद रागात लिहिला होता, काढला. हा कागद माझ्या वाचनालयात निघाला असता तर मीही गाळ्यांचं नाव काढलं नसतं. आमच्या टेबलाचे खण उद्या उपसतो. एकच शंका: ते रुपया भाडं शेवटचं कधी भरलंय?

---

कपाटाची_किल्ली

पावत्या शोधल्या. माझ्या जन्माच्या आधीपासून भरलेलं नाही. खजिनदार उद्या सगळी थकबाकी एकरकमी भरायला जाणार आहेत, नगरपालिकेत ती कोणत्या खात्यात जमा करून घेतील हा आता त्यांचा प्रश्न. दुरुस्तीचं पत्र त्याच पावतीसोबत देतोय.

शाकारणीला माणसं मिळालीत. मृगाला अजून बारा दिवस आहेत.